तारांच्या रंगांचा क्रम चुकलाय, आणि ‘आधी रीस्टार्ट’ हा सल्लापण

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत नेटवर्किंगवर जो पानभर लेख आला तो नीट वाचला. मराठी पेपरात राउटर, केबल, आयपी ॲड्रेस असल्या गोष्टींना अख्खं पान मिळतंय हे बघून बरं वाटलं आणि लेखाची भाषाही सोपी आहे, त्यामुळे लोक तो जपून ठेवणार आणि त्यातलं करून बघणार, म्हणूनच हे पत्र लिहितोय. मी नेटवर्कच्या दुरुस्तीचं काम करतो. लेखातल्या काही गोष्टी ढोबळ आहेत, ते चालतं, पण केबल बनवायच्या चौकटीत छापलेला क्रम सरळ चुकीचा आहे आणि त्याची दुरुस्ती छापायलाच हवी.

चौकटीत क्रम असा आहे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, पांढरी-निळी, निळी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. खाली टीप, की दोन्ही टोकांना सारखाच क्रम ठेवा म्हणजे झालं. बघायला एकदम व्यवस्थित वाटतं, जोड्या शेजारी शेजारी. पण केबलच्या टोकाला कनेक्टर लावायच्या टी५६८बी या ठरलेल्या पद्धतीचा खरा क्रम आहे पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरवी जोडी फुटून तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर जाते आणि निळी जोडी तिच्या मधे चौथ्या-पाचव्यावर बसते. हे कुणी उगाच किचकट केलेलं नाही, उपकरणं एक-दोन, तीन-सहा, चार-पाच आणि सात-आठ अशाच जोड्या धरून सिग्नल पाठवतात. तुमच्या चौकटीप्रमाणे केबल बनवली तर तीन आणि सहा या पिनांवर येतात पांढरी-हिरवी आणि निळी, ज्या एकमेकींना पिळलेल्याच नाहीत.

आणि सगळी गंमत त्या पिळातच आहे हो! एका जोडीच्या दोन तारांवरून एकच सिग्नल उलटसुलट जातो, बाहेरून येणारा गोंगाट दोन्हींवर जवळपास सारखाच बसतो, पलीकडचा रिसीव्हर दोन्हींमधला फरक मोजतो त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, टेलिफोनच्या तारांसाठी त्याने १८८१ मध्ये पेटंट घेतलं होतं. इथरनेट केबलमध्ये चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे एक जोडी शेजारच्या जोडीत बोलू नये. आता तुम्ही दोन वेगवेगळ्या जोड्यांतली एकेक तार घेऊन त्यांना जोडी म्हणालात तर हे वजा होणं बंद पडतं.

यातला त्रास असा की स्वस्तातला दिव्यांचा टेस्टर ही केबल पास करतो, कारण एक नंबर एकला, दोन दोनला, सगळं सरळ जोडलेलं आहे, आठही दिवे ओळीने लागतात. हातभर पॅच कॉर्ड असेल तर ती चालतेसुद्धा. पण हीच केबल भिंतीतून लांब नेली की मग सुरू होतं, लिंक येते-जाते, फाइल कॉपी मधेच अडकते, व्हिडिओ कॉल तुटतो, आणि घरातला माणूस इंटरनेट कंपनीला फोन करत बसतो आणि कंपनीवाला म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे, आणि तो खरंच बोलत असतो. तारा जोडलेल्या असणं आणि केबल चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली दिव्यांचा टेस्टर सांगतो, दुसरी सांगायला क्रॉसटॉक, म्हणजे एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपणं, मोजणारं महागडं मशीन लागतं. ते बहुतेकांकडे नसतं म्हणून क्रम पाठ असावा एवढंच. शिवाय कनेक्टर लावताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, हेही चौकटीत घालायला हवं होतं, कारण लोक काम सोपं जावं म्हणून बोटभर सोडवतात.

केबलवरच आहे तर आणखी एक. लेखात म्हटलंय की कॅट ५ई दर्जाची केबल काढून त्यावरच्या दर्जाची कॅट ६ टाकली की इंटरनेट फास्ट होईल. कसं होईल? कॅट ५ई नीट लावलेली असेल तर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस आरामात नेते, आणि तुमचं कनेक्शनच २०० एमबीपीएसचं असेल तर केबलचा काय दोष. कॅट ६ चा उपयोग १० जीबीपीएसला, तेही साधारण ५५ मीटरपर्यंत, पूर्ण १०० मीटर हवे असतील तर कॅट ६ए. त्यापेक्षा केबलवर ‘सीसीए’ असं लिहिलंय का ते बघा असं सांगायला हवं होतं. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा, असली केबल स्टँडर्डमध्ये बसतच नाही. रेझिस्टन्स जास्त, वाकवली की तुटते. याचा एक नमुना सांगतो. केबलवरूनच वीज घेणारा कॅमेरा, म्हणजे पीओईवाला, दिवसभर मस्त चालतो आणि रात्री रीस्टार्ट होत राहतो. लोक कॅमेरा बदलतात, स्विच (म्हणजे सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा) बदलतात. खरं कारण असं की अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो, लांब आणि हलक्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद. पीओईच्या ८०२.३एएफ स्टँडर्डमध्ये स्विच १५.४ वॉट देतो पण दुसऱ्या टोकाला १२.९५ वॉटच मिळतील असं धरलेलं असतं, म्हणजे केबलमधला तोटा आधीच हिशोबात घेतलाय, तोही तांब्याच्या केबलचा.

आता माझा खरा आक्षेप. लेखाची सुरुवातच ‘काहीही अडलं तर आधी राउटर रीस्टार्ट करा’ अशी आहे आणि हा सल्ला सगळेच देतात, कस्टमर केअरपासून शेजाऱ्यापर्यंत. रीस्टार्टने बऱ्याचदा चालू होतं हे मान्य, पण ताप मोजायच्या आधीच गोळी देण्यातला प्रकार आहे हा. घरगुती राउटरचा लॉग बहुतेक वेळा मेमरीतच असतो, बंद केला की पुसला. कोणत्या पोर्टवर किती एरर आल्या ते आकडे शून्यावर जातात, बाहेरच्या लाइनचं कनेक्शन किती वाजता तुटलं तेही जातं. आणि रीस्टार्टने बरं का झालं याची कारणं तरी किती वेगवेगळी असतात, राउटरची नॅट टेबल, म्हणजे चालू जोडण्यांची यादी, भरली असेल, मेमरी संपली असेल, कंपनीकडचं सेशन लटकलं असेल, वायफायने गर्दीचा चॅनल सोडून दुसरा पकडला असेल. तुम्हाला यातलं कुठलं होतं ते कळलंच नाही, म्हणजे परवा परत तेच होणार. माझं म्हणणं एवढंच की बंद करायच्या आधी दोन-चार मिनिटं बघा, अडलंय कुठे ते ठरवा, मग खुशाल रीस्टार्ट करा.

बघायचं म्हणजे खालून वर जायचं. पोर्टचा दिवा लागलाय का, आणि लिंक किती स्पीडला जोडली गेलीये. लिंकचा स्पीड कुणीच बघत नाही आणि अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात. स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४-९५ च्या पुढे जातच नाही असं दिसलं तर समजा मधे कुठेतरी १०० एमबीपीएसची लिंक झालीये, कारण १०० च्या लिंकमधून इथरनेट, आयपी, टीसीपी यांची हेडरं, म्हणजे माहितीवर चिकटवलेला पत्त्याचा मजकूर, वजा जाता हातात तेवढंच उरतं. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला फक्त दोन, त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल तर बरीच उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात. ‘चालतंय की’ असं म्हणून लोक वर्षानुवर्षं तसेच राहतात आणि मधल्या काळात मोठा प्लॅन घेऊन ठेवतात.

मग ॲड्रेस बघायचा. विंडोजवर आयपीकॉन्फिग, फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर मशीनला डीएचसीपीकडून, म्हणजे ॲड्रेस वाटणाऱ्या व्यवस्थेकडून, उत्तर आलेलं नाही आणि त्याने स्वतःच एक नंबर घेऊन ठेवलाय. अशा वेळी वेबसाइट बदलून बघणं, ब्राउझरची कॅश साफ करणं सगळं व्यर्थ. कधी उलटं होतं, ॲड्रेस मिळतो पण भलत्याच सिरीजचा, तुमचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आणि तुम्हाला मिळाला १९२.१६८.० चा. म्हणजे कुणीतरी जुना वायफाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टला केबल खुपसलीये आणि आता तोही ॲड्रेस वाटत सुटलाय. काही जणांचं चालू काही जणांचं बंद, कोणाला आधी कोणाचं उत्तर पोचेल त्यावर. ऑफिसात हे झालं की मेन राउटर रीस्टार्ट करून काय उपयोग, तो बिचारा ठीकच असतो.

ॲड्रेस ठीक असेल तर गेटवेला, म्हणजे बाहेर नेणाऱ्या तुमच्या राउटरला, पिंग, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. इथे एक लक्षात ठेवा की काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, मग एआरपी टेबलमध्ये, म्हणजे कोणता आयपी कोणत्या यंत्राचा याच्या यादीत, त्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा नंबर) दिसतोय का ते बघायचं, दिसला तर तो पोचण्यात आहे. वायफायवर असाल तर हेच केबल लावून करून बघा, केबलवर पिंग एक मिलिसेकंदाच्या आत आणि वायफायवर कधी ३ कधी ३०० असं येत असेल तर कंपनीला फोन करू नका, भांडण तुमच्या आणि हवेच्या मधलं आहे. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आसपासच्या सगळ्यांनी तेच वाटून घ्यायचेत.

गेटवेपर्यंत ठीक तर बाहेरच्या एखाद्या नंबरला पिंग, समजा ८.८.८.८. तो मिळतोय आणि साइटचं नाव टाकल्यावर काहीच उघडत नाही, तर डीएनएसचा, म्हणजे नावावरून नंबर शोधणाऱ्या सेवेचा, घोळ. नंबरही मिळत नाही तर गेटवेच्या पलीकडे, आता करा कंपनीला फोन, आणि फोनवर ‘नेट चालत नाही’ असं न म्हणता ‘गेटवे मिळतोय, बाहेरचा आयपी मिळत नाही’ असं म्हणा, समोरच्याचा सूर बदलतो.

पिंग ठीक, नावं ठीक, तरी काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर येऊन फिरत बसतात, हा प्रकार मात्र माणसाला वेडं करतो. इथे एमटीयू, म्हणजे एकावेळी जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याचा (पॅकेटचा) जास्तीत जास्त आकार, तपासा. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटपर्यंत, पण पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड टाकून कंपनीशी जोडायची पद्धत, असेल तर ८ बाइट त्याचे, उरले १४९२. मोठं पॅकेट मधे अडकलं की राउटरने ‘मोठं आहे, छोटं पाठव’ असा निरोप आयसीएमपीतून, म्हणजे नेटवर्कच्या निरोपांच्या ठरलेल्या पद्धतीने, उलट पाठवायचा असतो, पण सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी आयसीएमपी सरसकट ब्लॉक केलेलं असतं, निरोप पोचत नाही, पाठवणारा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत बसतो. छोटी पिंग मजेत जाते म्हणून कुणाला संशयही येत नाही. तुकडे करू नको असा फ्लॅग लावून १४६४ आकाराची पिंग गेली आणि १४७२ ची अडली तर सापडलं, २८ बाइट हेडरचे धरा की १४९२ आणि १५०० होतात.

रीस्टार्टने काहीच साधत नाही याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे लूप. साफसफाईत कुणाला तरी लोंबणारी पॅच कॉर्ड दिसते, तो सज्जनपणे तिचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचतो. झालं. ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेला माहितीचा गठ्ठा, गोल गोल फिरायला लागते आणि इथरनेटच्या फ्रेमला आयपी पॅकेटसारखा टीटीएल, म्हणजे किती टप्प्यांनी संपायचं तो आकडा, नसतो, त्यामुळे ती मरतच नाही, प्रत्येक फेरीत तिची प्रत बाकीच्या सगळ्या पोर्टांवर जाते. स्विचचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकताना दिसले की ओळखायचं. स्विच बंद-चालू केला की काही सेकंद सगळं ठीक आणि परत तेच, आणि मग निष्कर्ष निघतो की स्विच खराब झाला, नवीन घ्या! असे लूप स्विचनेच ओळखून जादाची वाट बंद करायची ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली, स्पॅनिंग ट्री म्हणतात, फक्त साध्या अनमॅनेज्ड स्विचमध्ये ती बहुतेक वेळा नसते.

आता राउटिंग. लेखातलं वाक्य आहे की राउटर नेहमी सगळ्यात जवळचा रस्ता निवडतो. तसं नाहीये. राउटरला पूर्ण रस्ता ठाऊकच नसतो, त्याच्या टेबलमध्ये एवढंच असतं की अमुक नंबरांचा गट तमुक शेजाऱ्याकडे द्यायचा, पुढचं शेजारी बघेल. दोन-तीन नोंदी लागू पडत असतील तर ज्या नोंदीत गट सगळ्यात छोटा, म्हणजे जास्त नेमका, ती जिंकते, अंतराचा प्रश्न त्यानंतर येतो. हा नियम किती ताकदीचा आहे ते २४ फेब्रुवारी २००८ ला सगळ्या जगाने बघितलं. यूट्यूब स्वतःचे १०२४ ॲड्रेस एका गटात जाहीर करत होतं, पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी त्यातल्याच २५६ ॲड्रेसचा छोटा गट आपल्याकडे वळवला आणि ती नोंद चुकून देशाबाहेरही गेली. जगभरच्या राउटरांनी नियमाप्रमाणे नेमकी नोंद उचलली आणि यूट्यूबची वाहतूक तिकडे गेली, साधारण दोन तास. शेवटी यूट्यूबलाही तेवढाच छोटा आणि मग त्याहून छोटे गट जाहीर करावे लागले. यात जवळ-लांब कुठे आलं? मोठ्या नेटवर्कांमधले रस्ते बीजीपीने, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते कळवायच्या पद्धतीने, ठरतात आणि तिथे अंतरापेक्षा कोणाचा कोणाशी करार आहे ते आधी बघितलं जातं.

आणि पॅकेट राउटरकडे द्यायचं की नाही हे पहिलं तुमचं मशीनच ठरवतं, सबनेट मास्क, म्हणजे कोणते ॲड्रेस आपल्याच नेटवर्कमधले ते सांगणारा आकडा, बघून. कुणी हाताने मास्क २५५.२५५.०.० टाकला आणि प्रिंटर मात्र दुसऱ्या विभागात १९२.१६८.२ वर असेल तर मशीन समजतं प्रिंटर इथेच आहे, स्थानिक एआरपीने हाका मारत बसतं, उत्तर येत नाही, इंटरनेट मात्र व्यवस्थित. मग शिव्या कोणाला, प्रिंटरला.

ट्रेसराउटबद्दल, म्हणजे पॅकेट कुठल्या राउटरांतून जातं ते दाखवणाऱ्या कमांडबद्दल, लेखात दोन ओळी आहेत आणि त्यातली एक घातक आहे, की जिथे तीन स्टार दिसतील तिथे लाइन तुटली. ट्रेसराउट काय करतं ते बघा, टीटीएल १ टाकून पॅकेट सोडतं, पहिल्या राउटरवर तो शून्य होतो, राउटर पॅकेट टाकून देतो आणि ‘इथे संपलं’ असा निरोप पाठवतो, मग टीटीएल २, मग ३. म्हणजे दिसतंय ते सगळं या निरोपांवर. आणि असे निरोप पाठवणं हे राउटरचं मुख्य काम नाही, पॅकेट पुढे ढकलणं हे त्याचं काम, ते हार्डवेअरमध्ये होतं, निरोप बनवायचं काम त्याचा छोटासा प्रोसेसर सवड मिळेल तसं करतो, किंवा कॉन्फिगमध्येच बंद केलेलं असतं. त्यामुळे पाचव्या ओळीत स्टार आणि सहाव्या, सातव्या, शेवटच्या ओळीत नीट आकडे येत असतील तर पाचवा ठणठणीत आहे, फक्त बोलत नाही. तसंच मधल्या एका ओळीत २०० मिलिसेकंद आणि पुढच्या ओळींत परत २०, तर त्या २०० ला काही अर्थ नाही. वाढलेला आकडा तिथून शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला तरच काळजी करा. तेव्हासुद्धा लक्षात ठेवा की निरोप परत येतो तो रस्ता वेगळा असू शकतो आणि बिघाड त्या परतीच्या वाटेवर असेल, तो ट्रेसराउटमध्ये दिसतच नाही, त्यासाठी पलीकडून तुमच्याकडे ट्रेसराउट करावं लागतं. आणि सगळाच उशीर म्हणजे बिघाड नव्हे, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर लांबच्या सर्व्हरला जाऊन येऊन १० मिलिसेकंद लागणारच, कोणताही राउटर घ्या.

लोक हे ट्रेसराउटचे फोटो काढून कंपनीला पाठवतात, पाचव्या ओळीवर लाल गोल करून, आणि तिकडचा इंजिनिअर ते बाजूला ठेवतो, मग लोकांना वाटतं आपल्याला उडवून लावलं. अर्थात कंपन्याही खऱ्या तक्रारी तशाच बाजूला ठेवतात हे मला रोज दिसतं, म्हणून तर पुरावा नीट हवा. सगळ्यात चांगलं म्हणजे नीट चालू असतानाचा एक ट्रेसराउट जपून ठेवा, बिघडल्यावर तुलना करायला काहीतरी हातात असतं.

पत्र लांबलंय हे कळतंय. जागेअभावी काटछाट करायची झाली तर वायफायची वाक्यं आणि बेलचं पेटंट खुशाल उडवा, ट्रेसराउटचा भाग तेवढा ठेवा. आणि लेखकांना हरकत नसेल तर आयपीव्ही६ वर, म्हणजे आयपी ॲड्रेसच्या नव्या पद्धतीवर, त्यांच्याकडून एक लेख जरूर घ्या, त्यांना समजावून सांगायची हातोटी आहे, छापायच्या आधी तारांचे आकडे तपासायला मी आनंदाने देईन वेळ.

आपला,
एक नियमित वाचक